वेन्स्केबाईंचं जन्मसाल

क्लोटिल्ड वेन्स्के जाऊन सहा आठवडे झाले, तरी आडेलहाइडच्या मागचा त्यांचा त्रास संपला नव्हता. बाईंनी लाइपझिगमध्ये पन्नास वर्षं पियानो शिकवला. त्यांच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या बायकांनी जमून कबरीवर दगड बसवायचं ठरवलं आणि मग सगळ्या आपापल्या घरी गेल्या. धावपळ उरली ती आडेलहाइड रोसबाखच्या वाट्याला. तिला ना नवरा ना मूल, म्हणजे वेळच वेळ असणार, असा सगळ्यांचा समज. प्रत्यक्षात ती दिवसाला सात शिकवण्या करत होती.

पाथरवट क्रुमबीगेलने दगडावर नाव कोरून ठेवलं होतं. जन्माचं साल कळवा, म्हणून तो दर दोन दिवसांनी निरोप धाडायचा. आणि घोडं तिथंच अडलं होतं. बाईंच्या कपाटात सापडलेल्या प्रवासाच्या जुन्या परवान्यावर १८२१ होतं, घराच्या करारावर १८१९, आणि शेवटच्या आजारात डॉक्टरांनी वय विचारलं, तेव्हा त्यांनी नुसतं "साठीच्या पुढे लिहा" असं सांगितलेलं.

आडेलहाइडने कपाळाला हात लावला. जिवंतपणी तरी बाईंनी दुसरं काय केलं होतं? एका आठवड्यात निळ्या पेन्सिलीने कुठलं बोट कुठे ते लिहून द्यायचं आणि पुढच्या आठवड्यात हा गाढवपणा कुणी लिहिला, म्हणून ओरडायचं. तुमचंच अक्षर आहे म्हटलं, तर माझं अक्षर इतकं घाणेरडं नाही म्हणायचं. भर जानेवारीत खिडक्या सताड उघड्या. एकच ओळ शंभर वेळा वाजवून घ्यायच्या आणि रचना शेवटाला म्हणून जाऊ द्यायच्या नाहीत. बाईंच्या तावडीतून सुटल्यावरच आडेलहाइडने आयुष्यातला पहिला अख्खा सोनाटा वाजवला होता.

तिच्याच वेळची एर्नेस्टीन पाब्स्ट आता बड्या सरकारी अधिकाऱ्याची बायको होती. दगड बसवताना करायचं भाषण तिने लिहूनही ठेवलं होतं. बाईंच्या पहिल्या मैफलीची जाहिरात तिने काचेत मढवून आणली. 'नऊ वर्षांची अद्भुत बालिका,' साल १८३०.

"तिसातून नऊ वजा कर आणि मोकळी हो," ती म्हणाली. "उगाच काथ्याकूट कशाला?"

पण चुकलेला स्वर तसाच सोडून पुढे जायची आडेलहाइडला सोयच उरली नव्हती, बाईंनी तसं वळणच लावलं होतं. धुसफुसत तिने एका शिकवणीच्या दिवसावर पाणी सोडलं आणि गाडीने नाउमबुर्ग गाठून तिथून बाईंच्या खेड्यात गेली. पाद्रीबुवा जेवत होते. बटाटे संपेपर्यंत त्यांनी तिला ओट्यावर बसवून ठेवलं, मग चर्चमधली जन्मनोंदींची जुनी वही काढून दिली. ३ मार्च १८१७.

म्हणजे त्या मैफलीत बाई तेरा वर्षांच्या होत्या. बापाने पोरीच्या वयातली चार वर्षं कापली होती आणि बाईंनी ती कधी परत जोडली नव्हती. परतीच्या गाडीत आडेलहाइडचा नुसता संताप होत होता. एवढी एक गोष्ट सरळ सांगून मरता आलं नाही यांना?

मग तिला बाईंची पहिली भेट आठवली. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. फार उशीर झाला, म्हणून तीन शिक्षकांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. बाईंनी वय विचारलं, तेव्हा तिने चौदा सांगून टाकलं. बाईंनी पियानोचं झाकण धाडकन लावलं.

"खरं सांग," त्या म्हणाल्या. "एकदा वय कमी केलंस ना, की जन्मभर ते खोटं वय सांभाळत बसावं लागतं."

तिने खरं सांगितलं. बाईंनी झाकण उघडलं आणि तिला बसायला सांगितलं.

खिडकीबाहेर बीटची शेतं मागे पळत होती. आडेलहाइडने रुमाल काढून नाक पुसलं, आणि आपल्याला रडू येतंय याचाही तिला राग आला.

एर्नेस्टीनने ऐकताच तोंड वाकडं केलं. तेरा वर्षांची मुलगी वाजवते त्यात कसलं अद्भुत, आणि शहरात शोभा होईल ती वेगळीच.

"बाईंना लबाड ठरवायचंय का तुला?"

"लबाडी बापाची. त्या पोर होत्या."

"मग मोठेपणी का नाही बोलल्या कुणाजवळ?"

"बोलल्या होत्या. माझ्याजवळ," आडेलहाइड म्हणाली. "मलाच कळलं नाही."

तिने क्रुमबीगेलला १८१७ कळवलं. दगड बसला त्या दिवशी एर्नेस्टीनने भाषण वाचलं. 'नऊ'च्या जागी ती नुसतं 'कोवळ्या वयात' म्हणाली. मागे उभ्या बायका दगडाकडे बघत मनात आकडेमोड करत होत्या.

नंतर कॉफीला एका बेकरीवाल्याची विधवा खुदकन हसली. तिच्या लग्नात बाई पहाटेपर्यंत नाचल्या होत्या. पस्तिशीच्या आहेत, असं समजून तिच्या दिराने त्यांना मागणीही घातली होती. मग एकेकीची जीभ सैल झाली. कुणाची टोपी बाईंनी जिन्यावरून खाली भिरकावली होती, तर कुणाच्या आईला नीट ताल धरता येत नाही, म्हणून बाहेर बसवलं होतं. शेवटी एर्नेस्टीननेही खाली बघत कबूल केलं, की बाईंनी आपल्याला दोनदा शिकवणीतून हाकललं होतं.

"तीनदा," आडेलहाइड म्हणाली आणि हातमोजे चढवायला लागली. चार वाजता तिची शिकवणी होती.