वंचित महिलांचं निसर्गभ्रमण

जुनवानीतलं एक भ्रमण मंडळ दर रविवारी जंगलात जायचं. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, की आपल्यात एकही बाई नाही. मग 'निसर्गापासून वंचित महिलांसाठी' सहल ठरली. आमच्या वैशाली नगरातून वंचित म्हणून माझ्या आईचं नाव मीच दिलं आणि सोबत गेले. आई सत्तरीची, स्टील प्लँटमधल्या कामगाराची बायको. लग्नाआधी गोंदियाकडच्या जंगलातच वाढली होती. पण फॉर्मवर तसा रकाना नव्हता.

नंदिनी नगरच्या पुढं जंगलाच्या कडेला बस थांबली. मंडळाचे अध्यक्ष, एक निवृत्त अधिकारी, आम्हाला झाडं समजावू लागले. "माताजी, डरिए मत, छूकर देखिए," म्हणत त्यांनी एक हिरवं फळ तोडून फोडलं. "यह चार है. इसी से चिरौंजी निकलती है."

आई म्हणाली, "चारोळीचं चार नाही साहेब, बिबा आहे. चीक लागला तर आंग फुटते."

अध्यक्ष कौतुकानं हसले आणि फळ पुढं केलं. सगळ्या बायकांनी हात मागं घेतले. बऱ्याच जणी खेड्यातूनच आलेल्या. फळ अध्यक्षांच्याच हाती राहिलं. मग त्याच हातानं त्यांनी कपाळाचा घाम पुसला.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. तोंड सुजलं होतं, डोळे उघडत नव्हते. आईनं खोबरेल तेल सांगितलं, डॉक्टरचं औषध सोडू नका म्हणाली. बरे झाल्यावर त्यांनी पुन्हा फोन केला: पुढच्या सहलीत माताजींनीच मार्गदर्शक व्हावं.

"येतो ना," आई म्हणाली. "पण संडास कुठं ठेवसान?"

"जंगल में तो, माताजी..."

"तुमाले जंगल चालते. आमी बाया तं त्या दिवशी सकाळपासून पाणीच नाही पिलो."

त्यांना ते खरंच माहीत नव्हतं. पुढच्या सहलीला कापडी तंबूचा संडास उभा राहिला. त्याला लाल फीत बांधलेली होती, बाजूला माईक. महिलांच्या सन्मानावर अध्यक्ष बोलू लागले आणि थांबेनात. आईनं थोडा वेळ वाट पाहिली. मग मागचं कापड वर करून ती आत शिरली, आणि तिच्यामागं रांग लागली.

आम्ही सगळ्या जंगलाकडे निघालो, तेव्हा भाषण चालूच होतं.