हेडफोन मुका, बाहेरचा स्पीकर बोलका

मंडळी, आज दुपारचीच गोष्ट. उमरगा तालुक्यातल्या एका ताईंनी गावच्या रेशनबद्दल नाव न छापण्याच्या अटीवर मला सगळं सांगितलं होतं. बातमीसाठी ते रेकॉर्डिंग घरच्या कॉम्प्युटरवर लावलं, तर हेडफोनमध्ये आवाजच नाही. वायर खराब असेल असं वाटलं. आवाज वाढवत गेलो.

तेवढ्यात बाहेरून आई ओरडली, "आरं, माझ्या स्पीकरवर कोण बाई बोलतीय?"

काल लेकीनं आजीला गाणी लावताना ब्लूटूथ जोडलं होतं, ते तसंच राहिलं होतं. धावत जाऊन स्पीकर बंद केला.

आईजवळ शेजारच्या काकू बसल्या होत्या. त्यांचं माहेर ताईंच्याच गावचं. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "म्या काय बी ऐकलं न्हाय बाबा."

ताईंना आता फोन करतोय. पण काकूंवर तुम्ही विश्वास ठेवला असता?