देवळातली पेटी मी घरी आणली

एक बाजाची पेटी उचलून तीनशे पावलं चालण्यात माणूस किती मोठा घोटाळा करू शकतो, ते मला बावन्नाव्या वर्षी कळलं. बसा, सांगतो. हसायचं असेल तर खुशाल हसा, पण यातलं निम्मं हसण्यासारखं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तसं माझं बोलणं गाव नेहमी निम्मं वजा करूनच ऐकतं. जंगलाच्या मोहर्ली गेटाजवळ वाघाने माझ्याकडे तंबाखू मागितला, असं मी एकदा पारावर सांगितलं होतं. लोकांनी वाघही वजा केला आणि तंबाखूही. आजची गोष्ट मात्र जशीच्या तशी घ्या.

आमचं गाव चंद्रपूरकडच्या मूल गावाच्या पुढे, जंगलाला लागून. बाबांनी चाळीस वर्षं गावच्या भजनमंडळात पेटी वाजवली. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे दौलतकाका, त्यांच्या शेजारी बसून गायचे. काका नोकरीमुळे कोरपन्याला स्थायिक झाले, तरी एकादशीला हजर. दोघांना एकमेकांशी बोलताना मी फार कमी पाहिलं. पेटी आणि गळा, तेवढ्यात त्यांचं सगळं बोलणं होऊन जायचं.

मग ते बंद झालं. कोणामुळे? इथेच तर गोम आहे.

सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलीचं लग्न झालं. आपल्याकडे लग्नात वडीलधाऱ्यांना मांडवात नाव पुकारून दुपट्टा-नारळ देतात, तुम्हाला ठाऊकच आहे. पुकारायची यादी माझ्याकडे होती. मी अख्खं गाव पुकारलं, व्याह्यांचा ड्रायव्हरसुद्धा पुकारला आणि सख्ख्या काकांचं नाव विसरलो. काका न जेवता निघून गेले. संध्याकाळी बाबांनी विचारलं, दौलत कुठे आहे? मी म्हणालो, त्यांनी मान नको म्हटलं, घाईत होते. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. त्यांना म्हणालो, यादी बाबांनीच केली होती.

दोन वाक्यं. दोन्ही खोटी. त्या वेळी वाटलं, आठ दिवसांत निवळेल. आठवड्यांचे महिने झाले, महिन्यांची वर्षं. दोन वर्षांपूर्वी बाबांना लकवा मारला, उजवा हात गेला. काका चंद्रपूरच्या दवाखान्यात आले, डॉक्टरांकडे विचारपूस करून परत गेले. खाटेपाशी आले नाहीत. बाबांना हे कळलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यानंतर त्यांनी काकांचं नाव काढलं नाही आणि पेटीचंही नाही.

मला हे दिसत होतं. रोज दिसत होतं. दोन फोन करून खरं सांगितलं असतं तर काम झालं असतं. पण माणूस कसा असतो पाहा. मला खरं सांगण्यापेक्षा पेटी शिकणं सोपं वाटलं.

मी ठरवलं, आपण शिकायचं आणि बाबांना रोज ऐकवायचं. पंधरा दिवस मोबाईलच्या काचेवर बोटं आपटून सा-रे-ग-म केलं. काचेला घट्टे पडले म्हणा ना. पण काच काही भाता मारू देत नाही. खरी पेटी हवी होती, आणि गावात खरी पेटी एकच, देवळातली.

आता बाहेरगावच्या माणसाला एक सांगायला हवं. आमची पेटी देवळातून एकाच कारणाने बाहेर निघते. कोणाच्या घरी माणूस गेलं, तर त्या घरचा कोणीतरी येतो, पेटी नेतो, आणि मंडळ तिथे जाऊन भजन म्हणतं. पेटी न्यायला आलेल्याला कोणी काही विचारत नाही. विचारायचंच नसतं. नुसती काढून द्यायची.

मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. लहानपणापासून पाहत आलो. पण त्या दिवशी डोक्यात एकच काळजी होती, या वयात शिकायला बसलो म्हणून गाव हसेल. वाघ-तंबाखूवाला आता गवई होऊन राह्यला, असं पारावर आठवडाभर चालेल. म्हणून मी दुपारची वेळ धरली आणि देवळाची किल्ली ज्यांच्याकडे असते त्या कौसाबाईंच्या दारात मान खाली घालून उभा राहिलो.

"बाई, पेटी पाहिजे होती," मी पुटपुटलो.

कौसाबाई माझ्या तोंडाकडे पाहतच राहिल्या. मग डोळ्याला पदर लावला, आत जाऊन किल्ली आणली, देऊळ उघडलं, आणि पेटी स्वतः उचलून माझ्या खांद्यावर दिली. मला वाटलं, काय समजूतदार बाई आहे! एका शब्दाने चौकशी नाही.

कोणी पाहू नये म्हणून पेटीवर पांढरी चादर टाकली. मग तीनशे पावलं चाललो. खाली मान, कोणाशी बोलणं नाही, कोणाकडे बघणं नाही. पारावरची माणसं मला पाहून उठून उभी राहिली. आजवर मला पाहून कोणी उठलं नव्हतं. मी आणखी वेगाने चालू लागलो.

घरी बाबा परसात होते. धान निघून गेल्यानंतरचं थंडीतलं ऊन, खाट, आणि डोक्यापर्यंत ओढलेलं घोंगडं. त्यांची ती रोजची दुपारची झोप. माझी बायको सुनंदा शेतातल्या बांधीत लाखोळीची कोवळी भाजी खुडायला गेलेली. मी ओसरीवर बसलो, भाता उघडला आणि "सा" लावला.

पहिला "सा" मी किती वेळ धरला असेल? तुम्ही वजा करालच, तरी सांगतो. पाच मिनिटं. तो सोडून "रे" वर जायची हिंमतच होईना.

तेवढ्यात शेजारचे श्यामरावभाऊ आले. चपला बाहेर काढल्या, ओसरीवरून परसाकडे एक नजर टाकली आणि काही न बोलता माझ्याजवळ बसले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हिंमत ठेव गा."

मी म्हणालो, "ठेवली म्हणूनच तं बसलो."

त्यांनी मान हलवली. मग आणखी दोघं आले. मग चौघं. बाया आल्या, त्या भिंतीला टेकून बसल्या. सगळे आधी परसाकडे पाहत आणि मग खाली बसत. ओसरी भरली, अंगण भरलं. आणि काय ती शांतता! मी तर भारावून गेलो. मला वाटलं, हे गाव उगाच बदनाम आहे, यांना कलेची कदर आहे. मी "ग" पर्यंत पोचलो तेव्हा एक म्हातारी हुंदके देऊन रडायला लागली. तिच्यासाठी मी "ग" आणखी दोनदा वाजवला. ती जास्तच रडली.

सलूनवाला नथ्थूभाऊ आपली वस्तऱ्याची पिशवी घेऊन आला, तेव्हा मात्र मी चमकलो. संगीत ऐकायला वस्तरा कशाला?

तोच फाटकातून सुनंदा धावत आली. ओटीतली भाजी वाटभर सांडत, "मामाजी" म्हणून सासऱ्यांच्या नावाने टाहो फोडत ती आम्हा सगळ्यांना ओलांडून थेट परसात गेली आणि खाटेवर पडली. खाट हलली. घोंगडं हललं. आतून बाबांचा आवाज आला, "काय झालं वो? कोण गेलं?"

अंगणातला एकही माणूस जागचा हलला नाही. बाबा सुनंदाच्या आधाराने काठी टेकत ओसरीवर आले. त्यांनी गर्दी पाहिली, पेटी पाहिली, मला पाहिलं. चाळीस वर्षं अशा ओसऱ्यांवर बसलेला माणूस तो, त्याला सांगायला काय लागतं? त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं गा, श्यामराव?"

श्यामरावभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"तुमीच, भाऊ."

बाबांनी टोपी परत डोक्यावर घातली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मंग हा काऊन वाजवून राह्यला?"

अंगण फुटलं. ज्या म्हातारीसाठी मी "ग" वाजवला होता तीच सगळ्यात जास्त हसत होती. मी पेटीत तोंड घालून बसलो. पण हसता हसता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. एवढी माणसं हातातलं काम टाकून आली होती, चौघं तर लाकडांची सोय बघायला निघूनही गेले होते. का? कारण या गावात असं घर नाही, जिथल्या गेलेल्या माणसासाठी बाबांनी पेटी वाजवली नाही. ज्याच्या बापासाठी, ज्याच्या लेकरासाठी त्यांनी भाता मारला होता, तो तो आला होता.

हसू ओसरल्यावर श्यामरावभाऊंनी घसा खाकरला. "एक गडबड झाली पण," ते म्हणाले. "मी कोरपन्याले फोन केला. दौलतले सांगितलं, भाऊ गेले म्हणून. तो निघाला."

बाबा खाली बसले. चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. राग नव्हता, एवढं नक्की. मी काकांना फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला, तेच. रडणारा माणूस गाडीत फोन कशाला उचलेल?

खरं सांगू का? तो उचलला गेला नाही याचं मला बरंच वाटलं. कारण काका आले की दोघं भाऊ समोरासमोर येणार, आणि मग माझी ती दोन वाक्यंही समोरासमोर येणार. तिसरं वाक्य मी तेवढ्यात तयारही केलं होतं. फाट्यावर जाऊन काकांना गाठायचं आणि सांगायचं, बाबा मरता मरता वाचले, तुमचंच नाव घेत होते. चांगलं होतं वाक्य. मी मोटरसायकलची किल्ली घेतली.

"कुठी चालला?" बाबा म्हणाले.

"काकांना आणतो."

"त्याले रस्ता मालूम आहे. तू इथीच बस." आणि मग नथ्थूभाऊकडे वळून, "तू आलाच आहे तं माझी दाढी करून दे. आठ दिवसांची झाली. दौलतले असं नको दिसाले."

चहाच्या दोन फेऱ्या झाल्या, उन्हं कलली, तेव्हा कुठे माझं डोकं भादरायला आलेला माणूस बाबांच्या गालाला साबण लावू लागला. गावातलं कोणी घरी गेलं नाही. कसं जाणार? सुनंदाने चहाचं तिसरं पातेलं चढवलं. मी पेटीजवळ बसून, फाटकाकडे बघत, ते तिसरं वाक्य मनात घोकत होतो.

अर्धी दाढी झाली होती तेव्हा फाटकाशी गाडी थांबली. दौलतकाका उतरले. छातीशी पांढरं कापड धरलेलं, भावाच्या अंगावर घालायला आणलेलं. दोन पावलं आत आले आणि ओसरीवर एका गालाला साबण लावून बसलेला भाऊ त्यांना दिसला. काका जागीच खाली बसले. श्यामरावभाऊंनी पाणी दिलं, काय झालं ते सगळं सांगितलं. काकांनी पाणी प्यायलं, तोंडावर मारलं, आणि मग इतक्या वर्षांचं एकदम बाहेर आलं.

"दादा, मांडवात तुले माझं नाव जड झालं होतं का?"

"मले?" बाबा म्हणाले. "तूच तं म्हणला, मान नको."

"मी कवा म्हणलो? यादी तूच केली होती ना?"

"यादी मी पाहिलीबी नाई."

मग दोघंही थांबले. दोघांनी हळूहळू माना वळवल्या. त्यांच्या मागे अख्ख्या अंगणाने माना वळवल्या. मी तिसरं वाक्य तोंडात धरून बसलो होतो. ते बाहेर आलं असतं तर कदाचित खपलंही असतं. पण काकांच्या मांडीवर ते कापड होतं, आणि त्याच्याकडे बघून माझ्याने ते बोलवेना.

"मीच विसरलो होतो," मी म्हणालो. "मंग दोघांनाबी खोटं सांगितलं."

कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. काका फक्त एवढं म्हणाले, "एक नाव विसरलो, हे सांगाले तुले सहा वर्षं लागले?"

मी पेटीच्या पट्ट्या मोजत बसलो.

नथ्थूभाऊने उरलेली दाढी केली. बाबांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, "पेटी इकडं सरकव." मी सरकवली. त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला आणि डावा पट्ट्यांवर. मग अडले. भाता कोण मारणार? काका पुढे सरकले, तर बाबा म्हणाले, "तू गाय. भात्याले हा बसन. याच्या हाती फकस्त सूर देऊ नको."

मी समोर बसून भाता मारू लागलो. बाबांचा डावा हात "सा" शोधत होता आणि त्याला "रे" सापडत होता. एकोणऐंशीव्या वर्षी तेही माझ्यासारखेच नवशिके झाले होते. खरं तर माझ्यापेक्षा वाईट वाजवत होते, पण त्या दिवशी मी काही बोलायच्या परिस्थितीत नव्हतो. काकांनी तीन वेळा सुरुवात केली, तीन वेळा हसले, चौथ्यांदा डोळे पुसायला थांबले. पाचव्यांदा जमलं. अंगणातल्यांनी टाळ नव्हते म्हणून चहाचे पेले वाजवले.

आता काका दर महिन्याला येतात. यायच्या आधी फोन बाबांना करतात, मधे मला घेत नाहीत. मंडळानेही ठराव करून पेटी महिन्यातले चार दिवस आमच्याकडे ठेवली आहे, फक्त ती न्यायला मी जायचं नाही, सुनंदाने जायचं, आणि तेही रस्त्याने हसत हसत.

कोणी विचारतं, एवढ्या दिवसांत पेटी किती शिकलात? मी हल्ली खरंच सांगतो. अर्धी शिकलो. ज्या अर्ध्या भागात सूर नसतात, तेवढी मला पक्की येते.