मागे वाजणारं मडगार्ड

कापसाची वाळकी पऱ्हाटी जळाल्याचा वास आला की आजही पॅडलवर माझे पाय जड होतात. त्या पहाटे धरणगावच्या रस्त्यावर धुक्यात तोच धूर मिसळला होता आणि दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. मी एकटीच सायकलवर निघाले होते. अचानक मागे कोणाच्या तरी सायकलचं मडगार्ड खडखडायला लागलं. मी वेग वाढवला, खडखडही वाढली. हळू झाले, तर तीही मंदावली. पुढे कोणी जाईना, बोलेना. वळून बघायची हिंमत होईना. तेवढ्यात कापसाचा ट्रक अगदी घासून गेला आणि मी किंचाळून थांबले. मागोमाग एक म्हातारे बाबा धापा टाकत सायकलवरून उतरले. एका हातात पेटलेली बॅटरी, तिचा उजेड मागच्या रस्त्यावर. "तुना मांगला लाईट बंद शे, माय. ट्रकवालाले दिसाले पाहिजे, म्हनीसन बॅटरी धरीसन मांगे ऱ्हायनू. हाक माराले दमच उरना नही." आता मी मागे दोन लाईट लावते. तरी भीती जात नाही, कारण त्या दिवशी ट्रकवाल्याचा अंदाज चुकला असता, तर माझ्याआधी ट्रकच्या वाटेत ते होते.