अनवाणी लोखंड

"जागा सोडू नका रे पोट्टेहो! तुमी लोखंड हाय, लोखंड!"

आमच्या विज्ञानाच्या मास्तरांचा हा आवाज पटांगणातून निघाला, की सिंदी स्टेशनावरचा हमालसुद्धा डोक्यावरच्या ओझ्यासकट जागीच थांबायचा. तुम्ही म्हणाल, फेकतोय. सत्तरच्या दशकात मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायचो. हमालाचं चित्र आहे माझ्याकडे.

उष्णतेचा धडा आला, की मास्तर पोरांचेच कण करत. खांद्याला खांदा लावून उभी राहिली, की स्थायू. "तापले" म्हटलं, की जागेवरच थरथरायचं. "वितळले" म्हटलं, की सैल होऊन एकमेकांमधून सरकायचं. जेवतानाही तेच. हिवाळ्यात थिजलेल्या तुपाकडे बघत म्हणायचे, "पाहा, कसे बिलगून बसले." तोवर भाजी निवायची. एकदा लग्नाला जाताना रस्त्यात लोहार दिसला. बैलगाडीच्या चाकावर लालभडक तापलेली धाव, म्हणजे लोखंडी कडं, चढवत होता. धाव फुगून चाकावर बसते आणि पाणी पडताच आवळते, हे बघायला मास्तर एसटीतून उतरले. बायको हिंगणघाटला वेळेवर पोचली. मास्तर पोचले तेव्हा नवरी सासरी गेलेली.

नोकरी मात्र तात्पुरती. कायम करायचं की नाही, ते ठरवायला एप्रिलात शिक्षण खात्याचे साहेब आले. भर दुपार. झेंड्याच्या खांबाची सावलीही उन्हाला भिऊन खांबाला चिकटलेली. मास्तरांनी वर्ग पटांगणात उभा केला आणि म्हणाले, "तापले."

पोरं अशी थरथरली, की असं लोखंड साहेबांनी जन्मात पाहिलं नव्हतं. खूश होऊन त्यांनी पुढच्या मुलीला विचारलं, "का गं थरथरतेस?"

"पाय पोळून राह्यले जी."

मास्तरांनी खाली पाहिलं. अख्खं लोखंड अनवाणी होतं. मास्तरांच्या पायात चपला होत्या.

"छान. आता द्रव दाखवा, म्हणजे माझं काम झालं," साहेब म्हणाले.

मास्तर ओरडले नाहीत. "सोडा रे जागा. लिंबाखाली जा."

द्रव कसला, वर्गाचा थेट वायू झाला. उन्हात साहेब एकटे उरले.

जूनमध्ये नवे मास्तर आले. ते कण फळ्यावर काढायचे. आमचे मास्तर केळझरला, घरच्या वांग्यांच्या वाडीत परतले. पुढे बाजारात भेटले, तेव्हा मी म्हटलं, "पोट्टे अजून दोन मिनिटं उभे ठेवले असते, तर कायम झाले असते न तुमी."

माझ्या पिशवीत वांगी टाकत ते म्हणाले, "जमीन तापली होती."