नवऱ्याच्या नावाची पहिली पळी

भिक्खू भिक्षेला निघायच्या आत बुआकियांगचा रस्सा तयार असे. डुकराच्या मांसाचा, वर बोटभर तवंग, खारट आणि जरासा गुळमट. पहिली पळी भन्तेंच्या पात्रात जायची, म्हणजे नवऱ्याच्या नावाने. भन्ते मंत्र म्हणू लागले की ती जमिनीवर पाण्याची बारीक धार सोडी. तो रस्सा त्या धारेबरोबर नवऱ्याला, सिंगखामला पोचतो, याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. उरलेलं पातेलं मात्र ती दिवसभर एकटीच संपवी. शिवाय नारळाच्या दुधातला गोड भात असायचाच. तोही त्याच्या आवडीचा.

त्यातून रक्तदाब चढला आणि साखरही चढली. तिला त्यांची भीती नव्हती. भीती होती ती थोरल्या बहिणीसारखं होण्याची. ही बहीण, खाम्पुन, दोन घरं सोडून राहायची; तिला विसरायचा आजार जडला होता. बुआकियांग संध्याकाळी तिला भरवायला गेली की ती विचारी, "तू कोणाची गं?" बुआकियांग हसून नाव सांगे आणि परतताना वाटेत हातानेच डोळे पुसत येई. आपलंही असंच झालं तर सिंगखामला रोज कोण वाढणार?

लेक ओराथाई चांगल्या मनाची, पण तोंडाने फटकळ. "खा, खा अजून! रक्तदाब आणि साखर डोक्यात चढून मावशीसारखी झालीस की मला विचारशील, ही बाई कोण म्हणून."

असं ऐकलं की बुआकियांगला घास उतरत नसे, आणि लेक गेली की ती वाटीभर गोड भात घेऊन बसे.

शेवटी लेकीनेच तिला आरोग्य केंद्रात पाविनीकडे नेलं. पाविनी मानसशास्त्र शिकलेली, औषधं न देणारी. बुआकियांग आधीच फुरंगटलेली होती.

"मीठ सोड, गोड सोड, हेच सांगणार ना बाई? पाठ आहे मला."

"मी काहीच सांगत नाही, मावशी. तुम्ही दिवसभर काय खाता तेवढं सांगा."

"मी कुठं खाते? ते सगळं त्यांचं असतं."

"आणि पातेलं रिकामं कोण करतं?"

बुआकियांग फस्सकन हसली. "ते मेल्याला चार वर्षं झाली, म्हणजे मीच की!"

पाविनीही हसली. मग तिने विचारलं, "कमी मिठाचं करून पाहिलंत कधी?"

"पाहिलं. पण पात्रापाशी हात थबकला. पाणचट जेवण कसं पाठवू? उपाशी राहिली तर स्वप्नात येऊन उभी राहतात गेलेली माणसं. आणि भन्ते बिचारे, मिळेल ते मुकाट्याने खाणार. त्यांना थोडंच सांगता येतं, मीठ जास्त झालं म्हणून?"

पाविनीने ते खोडून काढलं नाही. तिने विचारलं, "तुमच्या लग्नाच्या वेळी ते काय आवडीने खायचे?"

"तेव्हा? तेव्हा कसलं आलंय मांस! तंबाखूच्या भट्टीवर कामाला होते. नदीचे मासे केळीच्या पानात भाजायचे, वास्त्यांचा, म्हणजे बांबूच्या कोंबांचा रस्सा, रानातला कडू पाला, मिरचीचा ठेचा. एवढा भात संपवायचे!" तिने दोन्ही हातांनी ढीग दाखवला. "गोडाचं वेड म्हातारपणी लागलं. दात गेले ना."

"आता तिकडे दात असतील का हो त्यांना?"

घरी जाताना बुआकियांग लेकीला म्हणाली, "तिकडे माणूस परत तरणा होत असेल, तर दातही असणारच की."

दुसऱ्या दिवशी भन्तेंच्या पात्रात भाजलेला मासा आणि वास्त्यांचा रस्सा पडला. तिने पाण्याची धार सोडली, आणि तिला डोळ्यांपुढे काळ्याभोर केसांचा, भट्टीच्या धुराने डोळे लाल झालेला सिंगखाम दिसला. म्हातारा सिंगखाम वर्षश्राद्धाला जेवेल, असं तिने ठरवून टाकलं. वर्षातून त्या एकाच दिवशी मांसाचा रस्सा आणि गोड भात.

पाला काही दारात उगवत नाही. तो खुडायला ओढ्यापर्यंत चालावं लागे. तिला जाताना पाहून शेजारणी विचारू लागल्या, मग बरोबर येऊ लागल्या. पाविनीने त्यांना केंद्रातही बोलावून बसवलं, तेव्हा तिथे नुसता कालवा. कोणाचा नवरा विशीत काय खायचा, यावरून भांडणं.

"माझा तर विशीत ताडीच प्यायचा," म्हातारी तुमखाम म्हणाली, "ती कशी घालू गं पात्रात?"

"घाल की! भन्ते पळत सुटतील, तेवढीच त्यांना कसरत," बुआकियांग म्हणाली. सगळ्या पोट धरून हसल्या.

पावसाळा संपता संपता तिचा रक्तदाब बराच उतरला, साखरही. पाविनीने आकडा दाखवला आणि लगेच म्हणाली, "मावशी, खोटं नाही सांगणार. विसरायचा आजार होणारच नाही, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. धोका कमी होतो, इतकंच."

"अगं, खात्री तर माझ्या सासूनेही दिली नव्हती, मुलगा चांगला निघेल म्हणून," बुआकियांग उठत म्हणाली. "तरी संसार झालाच की. चल, जाते. तुमखाम बाहेर ताटकळलीय. पाला कोवळा आहे तोवर खुडलेला बरा."