ढेकराची बाटली

आमच्या व्याह्यांइतकी गाडीच्या ढेकरांची काळजी घेणारा माणूस रत्नागिरी जिल्ह्यात झाला नाही आणि पुढे होणारही नाही, हे मी छातीला हात लावून सांगतो. माणसं नातवाच्या ढेकराची काळजी घेतात, पाठीवर थोपटतात, ढेकर आला की घरभर सांगत सुटतात. आमचे व्याही हे सगळं एका लाल गाडीचं करतात. ढेकर आला का, किती आला, कुठल्या रंगाचा आला. आणि नुसतं विचारून थांबत नाहीत, तो बाटलीत धरून ठेवतात. मी शिकलो चौथी. पाचवीचा वर्ग शेजारच्या गावात होता, आणि शेजारच्या गावात जाऊन शिकणं मला कमीपणाचं वाटलं. पण या माणसाबद्दल लिहायला चौथी पुरेल असं धरून चाललोय. नाही पुरली तर नाही पुरली.

व्याही जयगडकडचे. उभा जन्म बोटीवर, खाली इंजिनखोलीत गेला. आमच्याकडे बोटीवरनं कायमचा घरी आलेला माणूस घरावर मजला चढवतो, नाहीतर चार कलमं लावतो आणि पहिल्याच वर्षी मला येऊन विचारतो की मोहोर का गळला. यांनी काय केलं, तर मुंबईतल्या कुणा हौशी माणसाची वापरलेली स्पोर्ट्स कार आणली. तिच्यात दोनच माणसं बसतात, आणि तीही बसत नाहीत, निजतात. मी पहिल्यांदा तिच्यात निजलो ते माझ्या मुलाच्या साखरपुड्याला. मला मानानं घ्यायला व्याही स्वतः आले होते. त्यांच्या दारात पोचलो तर मला उठताच येईना. एका हाताला भटजी, दुसऱ्या हाताला नवरदेव, असं ओढून काढलं मला. मुलाचा बाप, वरपक्ष, डोक्याला फेटा, आणि मुलीकडच्या बायकांसमोर रांगत बाहेर आलो. त्या दिवसापासून त्या गाडीवर माझा दात होता.

त्या गाडीला म्हणे सुपरचार्जर आहे. साधं इंजिन आपल्याला पाहिजे तेवढाच वारा ओढून घेतं. हिच्यात पट्ट्यावर फिरणारा एक पंखा आहे, तो वारा दाबून दाबून इंजिनाच्या तोंडात कोंबतो. व्याही मला समजावताना म्हणाले, “जावयाला पानावर वाढतात ना व्याहीबुवा, तो नको नको म्हणत असताना? तसं.” आणि एवढं कोंबल्यावर जावई ढेकर देणारच. तो ढेकर इंजिनाच्या पोटातनं, जिथं तेल असतं तिथनं वर येतो आणि तेलाची वाफ बरोबर आणतो. गाड्यांत एक नळी असते, ती हा ढेकर परत वाऱ्याच्या वाटेत नेऊन सोडते.

“म्हणजे दिलेला ढेकर परत गिळायचा?” मी विचारलं.

“बरोब्बर!” असे खूश झाले की मला वाटलं आता पाठ थोपटतात. “आणि गिळून गिळून त्या वाटेला, त्या पंख्याला आतून तेलाचा थर बसतो. तव्याच्या खालच्या अंगाला बसतो ना, तसा.”

म्हणून व्याह्यांनी ती नळी मध्ये कापली आणि तिथं बोटीवरच्या कुठल्याशा गाळणीची जाड काचेची बाटली बसवली. बाटलीत भांडी घासायची तारेची घासणी. वाफ आली की तारेला चिकटते, थेंब होऊन खाली बसते, आणि नुसता कोरडा वारा पुढं जातो. ही घासणी बदलावी लागते, आणि ती विकत आणायची असते हे व्याह्यांच्या कधी लक्षात आलं नाही. आमच्याकडे आले की हळूच मागच्या दारी न्हाणीजवळ जायचे आणि परत येताना खिसा फुगलेला. पुढं पुढं तर लाल गाडीची शीळ वाडीच्या वळणावर ऐकू आली की आमची ही मुंबईहून सुट्टीला आलेल्या सुनेला हाक मारायची, “अगो, बाबा आले तुझे. चहाचं आधण ठेव आणि घासण्या आत घे.”

बाटली भरली की ओतायची, हा त्यांचा नेम. पाणी पिण्याआधी, चपला काढण्याआधी, गाडीचं पुढचं झाकण वर करणार, बाटली सोडवणार, उन्हात धरणार आणि जो जवळ असेल त्याला दाखवणार. “रंग बघा!” उन्हाळ्यात काकवीसारखा. पावसाळ्यात दमट हवेचं पाणी मिसळून दुधाच्या चहासारखा. मी एकदा म्हटलं, एवढं तेल जमतं तर मला द्या, बेड्याच्या, अंगणाच्या फाटकाच्या, बिजागऱ्यांना घालतो. तर म्हणाले, “यात पाणी आहे, पेट्रोल आहे, काजळी आहे. बिजागरीनं तुमचं काय वाईट केलंय?” मग ते डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे पोचतं करायचे. एकदा पोट दुखतं म्हणून डॉक्टरकडे गेले. डॉक्टरनं विचारलं, ढेकर येतात का? यांनी अर्धा तास माहिती दिली, आणि शेवटी डॉक्टर कंटाळून बाहेर येऊन गाडी बघून गेला. पोट राहिलं बाजूला.

मला या सगळ्याची लाज वाटायची. खरं ते सांगतो. गुहागरला एका नातलगाच्या बाराव्याला निघालो होतो, जयगडहून गाडी फेरीबोटीवर चढवली. खाडीच्या मध्यावर व्याह्यांनी झाकण उघडलं. झालं, पर्यटक गोळा. पोरीबाळी फोन काढून उभ्या. व्याही बाटली वर धरून सांगतायत, “हे सगळं हिच्या पोटात गेलं असतं!” कुणीतरी मला विचारलं, “आजोबा, तुमची गाडी का?” मी म्हटलं, “छे. मी यांच्याबरोबर नाही.” आणि पलीकडं उतरल्यावर त्यांच्याच गाडीत जाऊन निजलो. व्याह्यांनी ते ऐकलं होतं. वाटेत एवढंच म्हणाले, “बाहेर पडतंय त्याला वाट द्यावी, व्याहीबुवा, आणि वेळेवर ओतावं. तुंबलं की उलटं आत जातं.” मला वाटलं गाडीबद्दलच बोलतायत.

मग गेल्या शिमग्याचं. ग्रामदेवतेची पालखी आमच्या अंगणात बसते, हा आमच्या घराचा मान. त्या दिवशी सगळी भावकी, गावातली मानकरी मंडळी सकाळपासनं मांडवात बसलेली. व्याही मुंबईत लेकीकडे गेले होते, म्हणजे माझ्याच मुलाकडे, ते तिथनं थेट पालखीला आले. मुलगा आणि सूनबाई आदल्या दिवशीच पोचलेली. गाडी अंगणाच्या कडेला लावली आणि नेमाप्रमाणं हात झाकणाकडे गेला. मी उठून गेलो आणि दबक्या आवाजात म्हणालो,

“व्याही, आज नको. चार माणसं बसलीयत.”

“मुंबईपासून ओतलेली नाही. गळ्याला आली असेल.”

“मग एक दिवस थांबेल की. माणसं थांबतात, ती काय बाटली.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. झाकणावरचा हात काढला. “तुमचं अंगण, तुमचा शब्द,” म्हणाले आणि गपचूप मांडवात जाऊन बसले. मुलीचा बाप तो. त्याची लेक माझ्या घरात, तो दुसरं काय म्हणणार. हे मला तेव्हा कळत होतं, आणि बरंही वाटत होतं.

तासाभरानं ढोल ऐकू यायला लागले आणि लक्षात आलं, देवीचा हार बाजारातल्या फुलवाल्याकडेच राहिला. मीच म्हणालो, “चला व्याही, तुमची गाडी पळते म्हणता ना, आता पळवा.” ते म्हणाले, दोन मिनिटं द्या, बाटली ओततो. मी म्हटलं, “पालखी दारात यायला लागलीय आणि तुमचं हे काय!” बसलो. आमच्या वाडीतनं वर जायला उभी घाटी आहे. तिच्यावर त्यांनी गाडी रेटली, पंख्यानं शीळ घातली, आणि भरल्या बाटलीतलं तेल एका घोटात आत गेलं. मागनं असा पांढरा-निळा धूर निघाला आणि वाऱ्यानं पुढं आला की मला पुढचा फणसही दिसेना. आत काहीतरी खाडकन वाजलं आणि गाडी घाटीतच थांबली. समोरनं पालखी. ढोल बंद झाले. खांदेकरी खोकायला लागले, गुरव डोळे पुसतोय, देवी धुरात.

धूर जरा विरळ झाल्यावर एक मानकरी माझ्याकडे बघून ओरडला, “काय वो तात्या, होळी काल झाली ना? व्याह्यांनी आज गाडीतच पेटवली काय?”

सगळे हसले. मी त्या गाडीतनं परत एकदा रांगत बाहेर आलो, उभा राहिलो, धोतर झटकलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “मी किती दिवस सांगतोय यांना, हे बाटलीचं खूळ सोडा म्हणून!”

व्याही गाडीच्या पलीकडे उभे होते. तोंडावर काजळी. ते म्हणाले, “हो. व्याहीबुवा सांगत होते.”

एवढंच. भांडले असते तर मी जिंकलो असतो. मला भांडता येतं.

त्यानंतर व्याही आले ते एस.टी.नं. मागच्या दारी गेले नाहीत. ही मुद्दाम घासण्या बाहेर दगडावर मांडून ठेवायची, त्या तशाच वाळायच्या. गाडी टेम्पोतनं जयगडकडे नेली आणि ताडपत्रीखाली ठेवली. बोटीचं अख्खं इंजिन सुटं करणारा माणूस, पण यानं हे इंजिन उघडलं नाही. कुणी विचारलं तर म्हणे, जुनी गाडी, जायचीच होती. सूनबाई एकदा मला म्हणाली, “बाबा उघडत का नाहीत हो?” मी म्हटलं, मला काय ठाऊक. मला ठाऊक होतं. उघडलं तर आत तेल सापडणार, आणि ते कुणामुळं गेलं हे लेकीला सांगावं लागणार.

मग एक दिवस मी बाजारातनं घासण्यांचं पाकीट घेतलं आणि जयगडची एस.टी. धरली. व्याह्यांकडे जाताना माणूस नारळ नेतो, आंबे नेतो. मी घासण्या नेल्या. व्याही ओटीवर बसले होते. समोर दगडी गडग्यावर शेजारचे दोघे गप्पा मारत बसलेले.

“हे काय, व्याहीबुवा?”

“घासण्या.”

“गाडी बंद आहे आता.”

“का बंद आहे?”

“जुनी झाली.”

“जुनी नाही झाली. मी बाटली ओतू दिली नाही म्हणून बंद आहे.”

व्याह्यांनी गडग्याकडं बघितलं. “हळू बोला. माणसं बसलीयत.”

“असू देत बसलेली,” मी म्हटलं. आवाज जरा फाटला. आमच्या घराण्यात असलं वाक्य कुणी बोललेलं नाही, त्यामुळं ते कुठल्या सुरात म्हणायचं ठाऊक नव्हतं.

आम्ही दोघांनी ताडपत्री ओढली, झाकण वर केलं. बाटली शिमग्याला राहिली तशीच, इंजिनानं गिळून उरलेलं अर्धं तेल अजून तिच्यात. त्यांनी ओतली नव्हती. मी ती सोडवली. सोडवताना थोडं धोतरावर सांडलं, तो डाग अजून गेलेला नाही. गडग्यावरच्या दोघांकडे वळून मी बाटली उन्हात वर धरली आणि म्हटलं, “रंग बघा.” ते दोघे एकमेकांकडे बघायला लागले. व्याही माझ्या मागं उभे होते. मग पाकिटातली एक घासणी काढून बोटांत दाबून बघितली आणि म्हणाले, “तुमच्या घरच्या घासण्यांची तार बारीक असते. ही जाड आहे. पण चालेल.”

आता मी रविवारी जातो. व्याह्यांनी इंजिन उघडलंय. आतला दांडा वाकलाय, तसला दुसरा मिळेल की नाही ते त्यांनाही सांगता येत नाही, आणि त्यांचे हात पूर्वीसारखे स्थिर राहत नाहीत. ते खाली वाकतात, मी बॅटरीचा उजेड धरतो. बाटली धुऊन, नवी घासणी घालून जागेवर बसवलीय. निघताना मी ती सोडवतो आणि उन्हात धरून बघतो. कोरडी असते.